न पाहिलेल्या नदीची माती

प्रतापनगरातली वरची खोली बघायला मी गेले, तेव्हा घरमालकांनी मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, लग्न का केलं नाही हेही विचारलं नाही. नागपुरात एकटीनं खोली शोधत फिरलेल्या बाईला याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्या गावची माती कशी आहे?"

"काळी," मी म्हटलं.

"अवं, काळी तं सगळेच सांगतात. उन्हाळ्यात भेगा केवढ्या पडते? हात जाते का आतमंदी?"

मी वाशीमकडची. लहानपणी आमचे चेंडू शेतातल्या भेगांत पडायचे आणि पावसाळा झाल्याशिवाय सापडायचे नाहीत. हे सांगितल्याबरोबर गृहस्थ खुलले. स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "ऐकलं का वं? चहा ठेव. मोठ्या भेगांच्या गावची पोरगी आली." खोली मला मिळाली. भाडं विचारायचं राहूनच गेलं, ते दुसऱ्या दिवशी काकूंनी सांगितलं.

सगळी गल्ली त्यांना सर म्हणायची, म्हणून मीही सर म्हणू लागले. ते कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. शाळेत भूगोल शिकवायची मी. सरांचं आयुष्य माती तपासण्याच्या सरकारी नोकरीत गेलं होतं, आणि निवृत्त झाले तरी तपासणी काही थांबली नव्हती. शर्टाच्या खिशात पातळ केलेल्या ॲसिडची इवलीशी बाटली असायची. कुठंही माती दिसली की हे उकिडवे बसणार, वर एक थेंब टाकणार आणि फसफसलं की लहान मुलासारखे हसणार. फसफसणं म्हणजे मातीत चुना आहे. बाटलीचं झाकण कायम सैल, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टाला खिशाखाली भोकं होती. काकू ती भोकं रफू करत आणि करताना जे बोलत ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बरं, नुसत्या थेंबावर भागत नसे. ते माती चाखायचे. भाजीवाल्याच्या बटाट्यावरची माती नखानं खरवडून जिभेला लावायचे आणि सांगायचे, "ही नदीकाठची नाई गा. भाऊ, तू खोटं सांगून राहिला." भाजीवाला बिचारा बटाटे विकायला आलेला. एकदा एका साखरपुड्यात मुलाकडच्या मंडळींनी मिहानच्या बाजूला घेतलेल्या प्लॉटचं कौतुक चालवलं होतं. सरांनी तिथल्या तिथे विचारलं, "खड्डा करून पाहिला का?" कुणालाच कळेना. सरांच्या मते, खड्डा करून थर पाहिल्याशिवाय जमीन घेणं म्हणजे मुलगी न बघता लग्न करणं. साखरपुड्यात हे वाक्य बोलल्यामुळे काकू घरी येईपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

पण ही झाली सगळी वरवरची वेडं. खरं वेड बैठकीच्या भिंतीवर टांगलेलं होतं.

लोकांच्या बैठकीत देवाचा नाहीतर वडिलांचा फोटो असतो. यांच्याकडे पुरुषभर उंचीची, वीतभर रुंद लाकडी पेटी होती. समोरून उघडी, आत नुसती माती. मातीचा एक उभा काप. वाळवंटातल्या एका नदीच्या काठाला खड्डा करून, खड्ड्याच्या भिंतीत ही पेटी ठोकून सरांनी तो काप अख्खाच्या अख्खा कापून आणला होता. बदली झाली तेव्हा घरातलं कपाट राजस्थानात राहिलं आणि पेटी ट्रकमधून नागपूरला आली. काकूंच्या माहेरचं कपाट होतं ते. भिवापूरचं, सागवानी. हा विषय मी त्या घरात होते तोवर निदान महिन्यातून एकदा तरी निघत असे.

त्या पेटीत पट्टेच पट्टे होते. पिवळट रेती, तिच्यावर फिकट पोयटा, त्याच्यावर तपकिरी चिकणमातीची बारीक रेघ, मग पुन्हा रेती. तशी माती खालपासून वरपर्यंत. आपल्याकडच्या काळ्या मातीला असे पट्टे नसतात. ती उन्हाळ्यात फाटते, वरचं खाली पडतं, पावसाळ्यात फुगते, खालचं वर येतं, वर्षानुवर्षं स्वतःला कालवत राहते. सर म्हणायचे, "आपली माती लय घोळ घालते. कालचं कोणतं अन् शंभर वर्षाआधीचं कोणतं, काही पत्ता नाई लागू देत. तिथची तशी नाई. तिथं नदी जवा येते तवाच माती येते. एक पूर, एक थर. मंग वर्षानुवर्षं कोणी हात नाई लावत."

सरांची नोकरीतली उमेदीची वर्षं तिकडे गेली होती. लूणीला जाऊन मिळणारी एक लहान नदी. तिचं नाव ते सांगत नसत, 'आपली नदी' म्हणत. ती बारमाही कोरडी. दूर अरवलीच्या डोंगरात दणकून पाऊस झाला तरच तिला पाणी येणार, तेही वाटेतल्या रेतीनं पिऊन उरलं तर. कधी दोन वर्षांनी, कधी आठ वर्षांनी. आली की काठावर पसरणार, एखादा दिवस थांबणार, आणि निघून जाणार. मागं ठेवणार तो बोटभर गाळ. पण त्या बोटभर गाळावर माणसं जगतात. खाली मुरलेल्या ओलीवर गहू-हरभरा पेरतात, आणि वरून एक थेंब पडला नाही तरी पीक हाती येतं. पात्रात झिरे खणून गोडं पाणी काढतात, कलिंगडं लावतात, कुंभार माठाला तीच माती नेतात. मात्र सखल भागात पाणी साचून वाळलं की मीठ वर येतं आणि मग तिथं गवतही उगवत नाही. म्हणून तर ते चाखायचे. कुठं गहू येईल आणि कुठं नाही हे जिभेवर आधी कळायचं, प्रयोगशाळेतून नंतर.

आता गंमत अशी, की त्या नदीची इंचन् इंच माती ओळखणाऱ्या या माणसानं ती नदी वाहताना कधीच पाहिली नव्हती.

पेटीतला सगळ्यात वरचा थर ते बोटानं दाखवायचे. नखाएवढा जाड. "हे आमचं लग्न." रुजू झाल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात ते लग्नासाठी रजा घेऊन नागपूरला आले. विदर्भात पावसाळ्यात लग्न कोण करतं? पण काकूंच्या आजोबांची तब्येत खालावली होती, त्यांना नातीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या होत्या, म्हणून घाई झाली. इकडे भिवापूरला मांडव पडला आणि तिकडे नदी आली. सर नवी नवरी घेऊन परत गेले तेव्हा पात्रात फक्त ओल होती आणि काठावरच्या गाळाचे पापड उन्हात वळायला लागले होते. त्यानंतर ते तिथं होते तोवर नदी आलीच नाही. दोनदा डोंगरात पाऊस झाला, पण पाणी अर्ध्या वाटेत रेतीत जिरलं.

"तुह्यापायी गेली माही नदी," ते काकूंना म्हणायचे.

"मंग तिच्याशीच लगन कराचं होतं," काकू म्हणायच्या. "आठ वर्षातून एक डाव आली असती घरी. मीबी सुटली असती."

मला हे भांडण फार आवडायचं. दोघांनाही आवडायचं, असं आता वाटतं.

नदी बघायची राहिली, ही एवढीच त्या माणसाला आयुष्यात खंत होती. मूलबाळ झालं नाही त्याची नव्हती, बढती हुकली त्याची तर नव्हतीच. आषाढ लागला की बैठकीत कोपऱ्यात एक पिशवी भरून तयार असायची. तिकडच्या गावात पेमाराम नावाचा मेंढपाळ त्यांचा जुना दोस्त. डोंगरात मोठा पाऊस झाल्याची खबर लागली की पेमारामनं फोन करायचा, असं ठरलेलं. नागपूरहून गाड्या बदलत पोचायला दीड दिवस, नदीला डोंगरातून उतरायलाही साधारण तेवढाच. त्यामुळे नदी आल्यावर निघून उपयोग नव्हता. ती यायच्या आधी निघायला हवं. म्हणजे येईल की नाही हे माहीत नसतानाच.

मी राहायला गेले त्याच्या आदल्या वर्षी ते असेच धावत गेले होते. कोरड्या पात्रात तीन दिवस बसले. पाणी मधेच जिरलं. सोललेलं नाक आणि काचऱ्यांचं, म्हणजे तिकडच्या वाळवलेल्या रानकाकड्यांचं, पोतं घेऊन परत आले. काकूंनी दार उघडलं आणि विचारलं, "भेटली का बाई?" ते सरळ आंघोळीला गेले. त्या काचऱ्यांची भाजी मात्र काकूंनी भिवापुरी मिरची घालून अशी केली होती म्हणे, की गल्लीत अजून तिची आठवण काढतात.

एकदा मी त्यांना माझ्या सातवीच्या वर्गात बोलावलं. पूरमैदानाचा धडा होता. मला वाटलं, माणूस बोलका आहे, अर्धा तास मजेत जाईल. सरांनी काचेची बरणी काढली, तिच्यात पाणी, मूठभर त्या नदीची माती. झाकण लावून दणादण हलवली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आता पाहा." एवढंच. नंतर गप्प. पोरं पाहत राहिली. आधी रेती भराभर खाली बसली. मग पोयटा. वरचं पाणी गढूळच. मागच्या बाकावरचा एक विचारता झाला, "सर, अजून किती वेळ?"

"जेवढा नदीले लागते तेवढा. तुले कुठं जाचं आहे गा?"

तास संपला, घंटा झाली, मुख्याध्यापिका बाई दारात येऊन माझ्याकडे बघू लागल्या. कुणी उठेना. पुढच्या तासाला गणिताचे मास्तर आले, तेही बरणीकडे बघत उभे राहिले. शेवटी अगदी वर चिकणमातीची साय धरू लागली. सरांनी खालपासून वरपर्यंत बोट नेलं. "नदी पळते तवा रेती टाकते. चालते तवा पोयटा टाकते. चिकण सगळ्यात आखरी बसते, नदी पुरी थांबल्यावर. थांबल्याबिगर चांगलं काही बसत नाई." मग नमस्कार करून गेले. मुख्याध्यापिकांनी मला बोलावून घेतलं ते घेतलंच. पण त्या वर्गातली मुलं आता मोठी झालीत, रस्त्यात भेटली की पहिल्यांदा त्या बरणीबद्दल विचारतात. माझ्या इतर तासांबद्दल आजवर कुणी विचारलेलं नाही.

त्यांच्याबरोबर संध्याकाळी सक्करदऱ्याच्या तलावावर जायचं म्हणजे तर शिक्षाच. उन्हाळ्यात पाणी मागं सरलेलं असायचं. लोक भेळ खायचे, हे काठाचा वाळलेला गाळ उचलून उन्हाला धरायचे. मी वैतागून म्हटलं, "सर, इथं पाणी आहे समोर, ते बघा की."

"पाणी तं दिसूनच राहिलं वं," ते म्हणाले. "ते आलं कसं, ते नाई पाहिलं ना आपण."

त्यांच्या आवाजात तेव्हा चेष्टा नव्हती. मला पहिल्यांदा त्यांची कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला. आता कधीही तलावाच्या बाजूनं गेले तरी मला तो वाकलेला माणूस हवासा वाटतो, इतका की मी रिक्षावाल्याला दुसऱ्या रस्त्यानं न्यायला सांगते.

मग तो श्रावण आला. काकू न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. धंतोलीतल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं त्यांच्या खाटेपाशी बसलो होतो आणि सरांचा फोन वाजला. पेमाराम इतक्या मोठ्यानं बोलायचा की फोन कानाला लावायची गरजच नसे.

"साब, ऊपर जोर का बरसा है। ऊपर के गाँवों तक तो आ गई। इस बार पक्की आएगी, परसों दोपहर तक। निकल जाओ!"

सर उठून खिडकीपाशी गेले. हळू आवाजात काहीतरी बोलले आणि परत येऊन बसले.

"काय म्हणते पेमाराम?" काकूंनी विचारलं.

"काही नाई. मेंढ्या इकल्या म्हणे."

"खोटं बोलून राहिले तुमी. तोंड पाहा आपलं. येऊन राहिली ना?"

सर फोन खिशात ठेवू लागले.

"मंग जा ना! इथं काहून बसले? ही पोरगी आहे मायाजवळ. डाक्टर आहेत. मी काय मरून राहिली का?"

मीही म्हटलं, "सर, जा. मी बघते सगळं. रात्रीची गाडी आहे." अगदी मनापासून म्हटलं. मला त्यांना उठवून स्टेशनवर नेऊन बसवावंसं वाटत होतं.

त्यांनी काकूंच्या पायावरची चादर सारखी केली. "एका बाईसाठी एक डाव नाई गेलो," ते म्हणाले. "त्याच बाईसाठी अजून एक डाव नाई गेलो तं काय बिघडते?"

काकूंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या रडतात हे मी कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाही दिसू दिलं नाही.

दोन दिवसांनी दुपारी पेमारामचा पुन्हा फोन आला. त्याचा नातू व्हिडिओ पाठवतो म्हणाला. सर नको म्हणाले. त्यांनी एकेक प्रश्न विचारला. पुढं काय वाहत आलं? रंग कसा आहे? वास येतो का? वेग माणसाच्या चालीचा की मेंढीच्या? मग म्हणाले, "फोन उसके पास ले जा।" पेमारामनं फोन पाण्याजवळ धरला. मी शेजारीच होते. मला तर वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नाही. सरांनी ते डोळे मिटून पुष्कळ वेळ ऐकलं, आणि फोन ठेवल्यावर खाली जाऊन काकूंसाठी नारळपाणी घेऊन आले.

त्यानंतर दोन दिवाळ्या त्यांनी पाहिल्या, नदी पाहिली नाही. थंडीत निमोनियाचं निमित्त झालं आणि आठवड्यात गेले. मी तोवर मनीषनगरला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले होते. फ्लॅट बघायला त्यांना नेलं होतं, तर बिल्डरला खड्ड्याबद्दल विचारून त्यांनी मला लाजवलं. आज मला कुणी तसं लाजवत नाही. घर नीटनेटकं आहे, पाणी आहे, लिफ्ट आहे, आणि आवारातली माती दाखवायला बोलवावं असं कुणी नाही.

गेल्या पावसाळ्यात शाळेत असताना काकूंचा फोन आला. "पेमारामचा निरोप आहे. वरती लय पाणी पडून राहिलं. तू सुट्टी घे."

"काकू, तुमचा पाय?"

"पाय घेऊनच जाऊन राहिली मी. तू येतं का नाई ते सांग."

विमानानं जोधपूर, तिथून जीप. काकू आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या आणि पूर्ण वेळ डोळे मिटून होत्या. गावात पोचलो तेव्हा सकाळ होती. पेमाराम म्हातारा झालेला, काकूंना 'भाभी' म्हणाला आणि आमच्या हातातल्या पिशव्या घेऊन पुढं चालू लागला. पात्र कोरडं ठणठणीत होतं. काठावर अख्खा गाव येऊन बसला होता, बाया ठेवणीतले कपडे घालून. काकूंसाठी कुणीतरी खाट आणली. आम्ही बसलो. मला सारखी भीती वाटत होती, की याही वेळी मधेच जिरणार.

ऊन चढलं तेव्हा वरच्या वळणावर पोरं ओरडली. मला काहीतरी मोठं येईल असं वाटलं होतं. आला तो तपकिरी पाण्याचा एक लोळ, घोट्याएवढा, पुढं काटक्या, लेंड्या आणि फेस ढकलत, माणसाच्या चालीनं. रेतीतून बुडबुडे फुटत होते. थोडं पुढं येई, खड्डा लागला की थांबे, खड्डा भरून पुन्हा निघे. ओल्या मातीचा वास आला आणि मागून पाणी वाढत गेलं. बाया गाणं म्हणत खाली उतरल्या.

काकूंनी काठी मागितली. मी हात धरून त्यांना खाली नेलं. पाण्याच्या कडेला त्यांनी पिशवीतून हिरवा खण काढला, नारळ काढला, मूठभर तांदूळ आणि कुंकवाची पुडी. विधवेनं ओटी भरायची नसते, हे काय त्यांना माहीत नव्हतं? मी त्यांच्याकडे पाहिलं असेन.

"पाहून काय राहिली?" त्या म्हणाल्या. "मायाशिवाय कोण भरणार हिची?"

वाकता येत नव्हतं, म्हणून त्या ओल्या रेतीत सरळ बसल्याच. पाणी त्यांच्या पायांशी आलं, नऊवारीचा काठ भिजला. त्यांनी पाण्याला कुंकू लावलं, खणात तांदूळ आणि नारळ ठेवून तो पुढं सरकवला. नदीनं तो घेतला, जागच्या जागी एकदा फिरवला आणि नेला. काकूंचा तळवा तसाच पाण्यावर होता.

"यायनं जन्मभर वाट पाहिली तुही," त्या म्हणाल्या. "लय उशीर केला वं बाई."